पेटीतली लेक

गिऱ्हाईक विचारतं, हा खेळ मुळात कुठला?
ओदावाराचा ठोक व्यापारी सांगतो, समुद्रापलीकडचा.
उताराखालचा सुतार सांगतो, माझ्या आज्याचा.
मी चिसे. मी नुसत्या कडा घासते.

हाकोनेच्या चढावर, बर्फाने वाट अडवली
तेव्हा वडलांनी कात्सुराच्या फळीतून घर कापलं :
उभे आईबाप, उभे काका-काकू, आडवी आजी,
चार बोटभर नोकर,
आणि मधोमध, सगळ्यांत थोरली चौकोनी लेक.
दार तळाशी, बरोब्बर तिच्या मापाचं.
मोकळी घरं दोनच.

"एवढीच?"
"जास्त ठेवली तर खेळ कसला," भुसा फुंकत ते म्हणाले.

जेवताना आमच्याकडेही दोनच मोकळी होती,
आईची,
आणि योकोहामाला गेलेल्या यासोकिचीची.

रात्री मी पेटी पांघरुणात घेतली.
बाप हलतो, नाही असं नाही,
पण त्याआधी काकू, तिच्याआधी दोन नोकर,
आणि आजी कुठेही सरकवा, आडवीच येते.
तिसऱ्या रात्री उमगलं :
दाराशी पोचायचं तर लेकीला
आधी दारापासून लांब न्यावं लागतं.
बोटं गारठली. चाली मोजायच्या राहिल्या.

सकाळी ती तातामीवर पडलेली, पेटीबाहेर.
वडलांनी उचलली, उजेडाकडे धरली,
अंगठा फिरवला चारी बाजूंनी.
"कड अजून खरखरते," म्हणाले,
आणि माझ्याच हातात दिली.