लाल पट्टीनंतर पिवळी

बोटीत जागा थोडी,
म्हणून डब्यातही थोडी.
आचाओच्या धक्क्यावर, दिवे अजून विझले नसताना,
मी एकेक बर चिमटीत धरून फिरवते
आणि ठरवते कोण येणार, कोण राहणार.

हिरव्या पट्टीचा रांगडा गडी मागे.
कापतो चांगलं, थांबायचं कळत नाही त्याला.
बारा धारांचा कार्बाइड, ज्योतीच्या आकाराचा, हवाच:
हिरडीच्या काठाशी जाण्याइतकी अदब त्यालाच आहे.
अंडाकृती एक, दाढेच्या खळग्यांसाठी.
लाल पट्टी. पिवळी पट्टी.
तीस धारांचा घेऊ का? महाग, आणि एकच आहे,
मागच्या फेरीत धार उडाली असावी कुठेतरी,
हल्ली तो जरा वेगळ्या आवाजात बोलतो.
रबराचे दोन टोकदार, एक वाटीसारखा.
चकत्या मोजून बारा.
याहून जास्त लाड जनरेटरला परवडत नाहीत.

आपियाओच्या शाळेत, फळ्याखाली,
तिसरे बाउदिलियो कार्कामो,
होड्या बांधणारे, वय एकोणऐंशी,
खालची डावी दाढ.
कीड काढली, थरावर थर दिला,
निळ्या दिव्याने घट्ट केला.
पावणेचार.
ओहोटी लागली की बोट कुणासाठी थांबत नाही,
हे तांडेलाने सकाळीच बजावलेलं.

मग मी तेच केलं
जे विद्यार्थ्यांना करू नका म्हणून सांगते.
लाल फिरवली, पाणी मारलं,
पिवळी ओलांडली,
थेट रबर.
दाढ चमकली. आरशात तर
नुकती घासलेली वाटी.
झालं, मी म्हटलं.

त्यांनी तोंड मिटलं.
गालाआडून जीभ फिरताना दिसली,
अंधारात भिंत चाचपत कुणी चालावं तशी.
जिभेला हाड नसतं म्हणतात.
असेना. नखं असतात.

"मुली, तू एक कागद गाळलास."

दिसत तर नाही काही, मी म्हटलं.

"दिसणार नाहीच. मीही फसवलंय लोकांना,
वार्निश चढवून. एका हिवाळ्यात फळी सगळं ओकते.
रबर ओरखडा पुसत नाही, पोरी.
ओरखड्यालाच चकचकीत करतं."

त्यांचे आजोबा सायप्रसच्या फळ्या घासत
वाळवलेल्या मुशीच्या कातड्याने;
म्हणून काचकागदाला इथे अजून मुशीचंच नाव.
आधी पाठीचं कातडं, मग पोटाचं.
उलटं केलं की कानफटात.

भोंगा वाजला.
मी हातमोजे काढले, आणि नवे घातले.
आधी निळा कागद चावायला दिला:
तीळभर ठिपका उमटला, तो उतरवला.
लाल, पुन्हा, पिसाच्या वजनाचा हात,
बर अर्धा दातावर टेकवून,
वाट दातालाच दाखवू दिली.
धुतलं. मागच्या पायरीचा एक कण राहिला
तर पुढची पायरी त्याचीच चाकरी करते.
पिवळी. धुतलं.
मग तो बोलका, तीस धारांचा. बोलला नाही.
मग रबर, ओलं, थांबत थांबत,
कारण आत नस जिवंत आहे
आणि तिला ऊब सोसत नाही.

भोंगा दुसऱ्यांदा वाजला.
तिसऱ्यांदा वाजला नाही.

जीभ गेली.
गेली ती परत सांगायला आलीच नाही;
बाउदिलियो दाढ विसरून
शाळेच्या खिडकीची चौकट बघत होते.
"ही कुणी घासली? शरम आहे."

रात्री त्यांच्या बहिणीच्या चुलीपाशी
मी पुढच्या फेरीची यादी लिहायला घेतली.
पिवळी पट्टी, तीन नग.
बटाटे सोलता सोलता ओतिलियाबाई म्हणाल्या,
वरची कवळी एका कडेला टोचते, दोन वर्षं झाली,
पण बोट सुटायची असते ना तुमची.

बोट केव्हाच गेली होती.
मी डबा उघडला.