हाफ क्लच

गोडोलीत आमच्या शटरवर अजून लिहिलंय
‘सुयोग मोटार ट्रेनिंग’, खाली सहा आकडी फोन नंबर
जो कधीच लागत नाही.
शटरसमोर आठशे उभी. पांढरी म्हणायची.
डावीकडच्या, म्हणजे माझ्या बाजूच्या मॅटला
टाचेएवढं भोक, भोकातून पत्रा दिसतो,
चपलेनं घासून घासून चकाकलेला.
बावीस वर्षं त्या जागेवर बसून
मी निम्मा सातारा थांबवलाय.

आरटीओतला माणूस म्हणाला, यंदाचं पासिंग शेवटचं समजा.
डॉक्टर मोघे म्हणाले, डावा गुडघा गाडीच्या आधी स्क्रॅपला जाईल.
आणि मुलगा पुण्याहून हिशोब सांगतो,
दिवसाचे चाळीस किलोमीटर, आई, किलोमीटरला एक रुपया.
तो माझ्याकडे शिकला नाही.
जिल्हा परिषदेसमोर रडत उतरला होता,
नंतर मित्राच्या गाडीवर शिकला. ते असो.

वाढे फाट्याच्या शोरूममधला ऋतुराज फडतरे
ट्रायलला आधी स्वतः बसला.
मी सवयीनं डावीकडे
आणि मोळाच्या ओढ्यापर्यंत नऊ वेळा ब्रेक दाबला.
तिथं ब्रेक नव्हता, नुसतं कार्पेट.
तो हसला नाही, हे त्याचं चांगलं.

मग मी घेतली. चार भिंतीच्या चढाला,
जिथं इंदुमती सिस्टरनं अकरा वेळा बंद पाडली होती,
मागं दुधाची पिकअप हॉर्नवर हॉर्न,
सिस्टरचे डोळे भरलेले,
आणि मी म्हणत होते, ऐका,
कानांनी नाही, तळपायानं ऐका.
क्लच हळू. अजून हळू. इथं, इथंच.
बॉनेट जरासं उचलतं, आवाज जाड होतो,
गाडी पुढं जात नाही, मागं येत नाही,
नुसती थरथरत धरून राहते.
याला हाफ क्लच म्हणतात, सिस्टर.
जास्त वेळ राहायचं नाही, प्लेट जळते.
पण राहता आलं पाहिजे.

त्याच चढावर ऋतुराजच्या गाडीवरचा पाय मी काढला
आणि वाट पाहिली.
बोटभरही मागं आली नाही.
कुणी कुठं धरलंय याचा पत्ता नाही.
तारेवर एक होला बोलत होता, तेवढा ऐकू आला,
बावीस वर्षांत त्या वळणावर पहिल्यांदा.

उतरताना चार्ज परत मिळतो, मॅडम.
खरंच, खाली येईतो एकाहत्तरचे बहात्तर झाले.
मला हेवा वाटला.
माझा गुडघा जिना उतरताना व्याज मागतो.

पण मग शिकवायचं काय?
दोन पेडल, ती पहिल्या दिवशीच सांगून होतील.
उरलं स्टिअरिंग, आरसे,
आणि राजवाड्याजवळची म्हातारी माणसं
ज्यांना आपण आलोय हे ऐकूच जाणार नाही.
म्हणजे हॉर्न. नाही, म्हणजे बघणं,
आतापर्यंत बघत होतो त्याहून जास्त.
एवढ्याला महिना पुरेल?

मी विचारलं, माझ्या बाजूला दुसरा ब्रेक बसेल का?
गाडीला स्वतःला कळतं, मॅडम.
गाडीला कळेल रे. शिकणारीला?
त्यानं कंपनीला फोन लावला, तीनदा.
सोमवारी सांगतो म्हणाला.

आज शनिवार.
भंगारवाल्या मुलाणींनी अडतीस हजार सांगितलेत,
पेडलचा जोड धरून.
जोड देणार नाही म्हटलं, तर सदतीस.

साडेसहाची बॅच. नवी पोरगी, करंज्याची, केस अजून ओले.
मॅडम, क्लच शिकायलाच हवा का?
पप्पांनी इलेक्ट्रिक बुक केलीय.
मी म्हटलं, माहीत नाही.
बस. बेल्ट लाव.
आरसा तुझ्या डोळ्यांना लाव, माझ्या नको.
न्यूट्रल आहे का, हलवून बघ.
टाच भोकात ठेवली
आणि चावी तिला दिली.