विषय क्रमांक नऊ

अधिसभेचं इतिवृत्त मी लिहिते. एकोणीस वर्षं.
कोण किती ओरडलं ते त्यात येत नाही,
'सविस्तर चर्चेअंती' एवढंच येतं.

त्या दिवशी आठव्या विषयात
परिनियमातला एकच शब्द काढायचा होता : 'नियमित'.
मतदार म्हणजे नियमित शिक्षक, असं कलम.
शब्द गेला की तासिका तत्त्वावरची
सहाशे बारा नावं यादीत येणार.
अश्रुबा घोळवे त्यातला एक.
लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली लागला,
अजून मुरूडहून एसटीनं येतो,
इतिहास शिकवतो, तासाच्या भावानं.
मतमोजणीला मात्र त्यालाच बसवतात,
पसंतीक्रमाचा हिशेब त्याचा चुकत नाही.
पहिल्या पसंतीचा पडला की मत दुसऱ्याकडं,
दुसरा पडला की तिसऱ्याकडं.
मागच्या खेपेला रात्री दोनला म्हणाला,
"मॅडम, ह्या कागदाला तीन-तीनदा जागा मिळती बगा."

प्राचार्य होनराव म्हणाले, अर्धं मत देऊ.
निजामोद्दीन देशमुख सरांनी चष्मा पुसला,
"म्हणजे बोटाला शाई पण अर्धीच का?"
हशा झाला. मी तो लिहिला नाही.

मग चारच्या सुमाराला उदगीरच्या लग्नाच्या गाड्या सुटल्या.
संस्थाचालकांची अख्खी बाजू उठली,
खुर्च्यांवर विषयपत्रिका आणि सुपारीची पाकिटं राहिली.
कुलसचिवांनी डोकी मोजली : एकवीस.
गणपूर्तीला एकतीस लागतात.
सभा तहकूब.

इथं एक सांगायला हवं.
तहकूब सभा अर्ध्या तासानं पुन्हा भरते,
त्याच जागी,
आणि तेव्हा गणपूर्ती लागत नाही.
ही खुंटी आजवर त्यांची.
फीवाढ तिथंच टांगली,
वसतिगृहाची जमीनही.
एकदा रात्री आठ वाजता नऊ माणसांनी
अख्खं ग्रंथालय तळघरात हलवलं.
म्हणून तर सत्वशीला गायसमुद्रेबाईंनी
तीन वर्षं भांडून
नववा विषय पत्रिकेवर आणला होता :
तहकूब सभेलाही गणपूर्ती हवी.

अर्धा तास झाला.
बाबूमियाँनी घंटा वाजवली,
भरल्या सभागृहाला वाजवतात तशीच, पूर्ण.
विषय आठ. चौदा हात वर. चार विरोधात. तिघं तटस्थ.
गॅलरीत अश्रुबा उभा राहिला,
उभं राहायची परवानगी आहे का ते कळेना
म्हणून परत बसला.

कुलगुरू म्हणाले, विषय नऊ.

पंख्याचा आवाज.
मंजूर करावा, तर आठव्याकडं बोट दाखवून
उद्या लोक म्हणणार,
तुम्हीच म्हणता ना ही वाट वाकडी.
सोडावा, तर खुंटी राहते,
आणि आता तिच्यावर आपलाही सदरा बसतो.
गायसमुद्रेबाईंनी पाण्याची बाटली उघडली,
न पिता बंद केली.
ठराव त्यांच्या हातात होता,
माझ्याच टेबलावर टाइप झालेला.
देशमुख सर खिडकीबाहेर बघत राहिले,
तिकडं तर नुसती पार्किंग आहे.

"पुढच्या सभेत घेऊ," कुणीतरी म्हणालं.
कोण, ते मला माहीत आहे.

मी लिहिलं : विषय क्रमांक नऊ वेळेअभावी पुढील सभेत.
घड्याळात सव्वापाच.

कुलूप लावताना जिन्यात अश्रुबा.
हातात पेढ्याचा पुडा, दोरा न सोडलेला.
"राजभवनाची सही बाकी आहे हां अजून," मी म्हटलं.
"हाय की. पण मॅडम, नवव्याचं काय झालं?"
मी पेढा घेतला.
"नाही, आता विचारायला चालतंय ना आम्हाला,
म्हणून विचारलं."

सात-चाळीसची एसटी होती त्याची. गेला.
मी परत कक्ष उघडला,
कच्च्या वहीत 'वेळेअभावी' खोडलं.
सोमवारी वही वर जाते.
त्या जागी अजून काही लिहिलेलं नाही.