तिसरं फावडं

पाय पूर्वेकडे. हे पहिलं शिकवलं वडिलांनी.
डोकं डोंगराला, पाय समुद्राला,
म्हणजे त्या दिवशी माणूस उठून बसलं
की ऊन थेट तोंडावर.
"आळशालाही जाग येईल," म्हणायचे,
आणि तंबाखू थुंकायचे. कबरीत नव्हे, बाजूला.

एकेचाळीस वर्षं खणतोय.
फेरो बेटांवर माती ती किती, खाली लगेच काळा कातळ,
कुदळ ठिणग्या उडवते.
तरी खोली सगळ्यांना सारखी:
बोटीच्या मालकाला, शाळेतल्या बिल्लाबाईंना,
आठ दिवसांच्या बाळाला. त्याची लांबी कमी, खोली तीच.
देवाने माणूस स्वतःच्या रूपात घडवला म्हणतात.
मला त्यातलं फार कळत नाही,
पण वीतभर कमी खणायला हात धजत नाही.

मंगळवारी ट्रोंडुर गेला.

तोच. बावीस वर्षांपूर्वी
पिऊन सुकाणूवर बसलेला.
तो पोहत किनाऱ्याला लागला.
रोई लागला नाही. माझा धाकटा.
एक बूट मिळाला, तोही जूनमध्ये.

तेव्हापासून आईशेजारची जागा मी कुणाला दिलेली नाही.
सगळ्या आवारात तिथेच माती खोल.
गवत कापतो, मेंढ्या हाकलतो,
राखण करतो रिकाम्या कबरीची.

ट्रोंडुर दर रविवारी यायचा, मागच्या बाकावर.
प्रभुभोजनाला गुडघे टेकायचा कठड्याच्या त्या टोकाला,
मी या टोकाला.
मध्ये अख्खं गाव, आणि एकच प्याला.
बावीस वर्षं त्याच्या उष्ट्याचं प्यालो
आणि त्याला "थंडी आहे" एवढंही म्हणालो नाही.

तर मंगळवारी रात्री बॅटरी घेऊन गेलो,
खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली.
उलटी. पाय पश्चिमेला.
उठू दे त्याला, आणि बघत बसू दे डोंगर.
माती ओढल्यावर कुणाला काय कळणार!

पाळकबाई सुन्निवा थर्मास घेऊन आल्या.
दोरीकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत.
कॉफीत दोन चमचे साखर, त्यांच्या लक्षात असतं.
मीच म्हणालो, "तुम्ही पेटीवर तीन फावडी टाकता.
मातीतून आलास, हे पटतं. मातीला मिळशील, हेही.
ते काय, माझ्या मेंढीलाही पटेल.
पण तिसरं? पुन्हा उठशील?"

बाई झाकणातली कॉफी संपवेपर्यंत गप्प.
मग म्हणाल्या,
"तिसऱ्याला माझाही हात जड होतो, हाइनी.
म्हणून ते मी भरून टाकते."

त्या गेल्या. मी ओल्या दगडावर बसलो.
तिसरं खोटं असेल, तर दिशेला काय अर्थ?
पुरा त्याला उभा, आडवा, कसाही.
आणि खरं असेल,
तर रोई येणारच वर, पाण्यातून,
निथळत, हा चढ चढत, आईला शोधत,
आणि वाटेत हा पाठ करून बसलेला.
विचारेल, याला असं कुणी पुरलं?
बेटावर फावडं एकाकडेच आहे.

खुंट्या उपटल्या.
पण तिथे परत ठोकल्या नाहीत.
कशा कोण जाणे, हातात घेऊन चालत राहिलो
आणि थांबलो आईशेजारी.

कुणीतरी आपली जागा दुसऱ्याला दिली,
या एका गोष्टीवर आमचं सगळं चर्च उभं आहे,
छपरावरच्या गवतासकट.
आणि मी काय दिलं? सात फूट जमीन.
तीही माझी कुठे होती.

माफ केलंस का, असं विचारतात हल्ली.
मला माहीत नाही.
अजूनही रात्री बूट दिसतो.
खणताना दोनदा शिवी दिली मी, मोठ्याने, आईसमोर.
पण काठ सरळ ठेवले. पाय पूर्वेकडे.

शुक्रवारी वारा इतका की अर्धी प्रार्थना उडून गेली.
पहिलं फावडं. दुसरं.
मग सुन्निवाबाईंनी दांडा माझ्यापुढे धरला.
तशी रीत नाही.
एकेचाळीस वर्षांत फावडं कधी इतकं जड लागलं नव्हतं.

भरून टाकलं.