तारखा बंद करण्याचं कारण

जुलै: एकतीसपैकी एकतीस.
ऑगस्ट: एकतीस, शिवाय दारावरून परत गेलेले सतरा जण,
पाठीवर पिशव्या, उन्हानं सोललेली नाकं.
तेव्हा मी तळघरात निजते,
तेलाच्या बरण्या आणि नवऱ्याच्या जुन्या जाळ्यांशेजारी.
वर माझ्या पलंगावर कोण आहे ते ॲपला ठाऊक,
मला फक्त पहिलं नाव.

जूनमध्ये एकोणीस रात्री. सप्टेंबरात चौदा,
सायकलवाले जर्मन, नऊला दिवा मालवणारे, देव त्यांचं भलं करो.
ऑक्टोबरात तीन.
मग बोट दिवसातून दोनदाच लागते बेटाला,
यासेन्का शुक्रवारपुरती भट्टी पेटवते,
आणि गल्लीतल्या अकरा घरांपैकी दोनांत उजेड.
एक माझा.
दुसरा श्कारे मास्तरांचा, ते मालवायला विसरतात.

तोंचीनं डब्लिनहून विचारलं, ऑगस्टात येऊ का?
मी हिशोब सांगितला: रात्रीचे पंच्याण्णव युरो,
छपराची कौलं, बँकेचा हप्ता.
"बरं," म्हणाला.
ते बरं माझ्या ओळखीचं आहे. लहानपणी
पातेल्यातला मासा संपला की असंच म्हणायचा.

नोव्हेंबरात आला. बुरा सुटला होता,
डोंगरावरून उतरणारा तो वारा;
खिडक्यांच्या झडपा रात्रभर दात वाजवत होत्या.
मी त्याची खोली लावली:
पांढऱ्या चादरी, टॉवेलचे दोन हंस,
उशीवर चॉकलेट,
टेबलावर ते कार्ड, वायफायचा पासवर्ड,
कचरा कुठे टाकावा, दहानंतर आवाज नको ही विनंती.
हात आपले चालत गेले.
त्यानं ते उभ्याउभ्या वाचलं. चारही भाषांत.
मग हंस उलगडून तोंड पुसलं.

चार दिवस राहिला. बटाटे उकडले, शेजारचं कुत्रं फिरवलं,
बापाच्या जाळ्यांबद्दल एकदा बोलला, अर्धंच.

सहाच्या बोटीनं गेला. मला उठवलं नाही.
वर जाऊन पाहते तर चादरी काढून पायथ्याशी घडी,
खिडकी बंद, कचरा बाहेर,
किल्ली दाराच्या पेटीत, आकडे फिरवून विस्कटलेले.
इतका नीट पाहुणा वर्षभरात आला नव्हता.

त्या चार तारखा बंद करताना
ॲपनं कारण विचारलं होतं. यादीत मुलगा नव्हता.
मी 'दुरुस्ती' निवडलं.
अगदीच खोटं नाही म्हणा;
त्याच्या खोलीच्या झडपेला त्यानं नवी बिजागरी बसवली.
आता स्वयंपाकघराची तेवढी वाजते.