चावा

अव्हेलिनो मेस्त पेरूचा ओंडका उचलतो,
नखानं टकटक करतो, कानाशी नेतो,
म्हणतो, अजून ओला. पावसाळा सरल्यावर ये.

मी मडगावहून राय गाठलेली स्कूटरवर,
पिशवीत कोरी कानस, कोरी पटाशी,
आणि छत्तीस वर्षं लोकांचे दात करून
रिकामे झालेले हात.
सरल्यावर ये म्हणे.

दसऱ्यानंतर गेलो.
बाल्कांवावर पाय पसरून तो, मांडीवर गोणपाट.
जन्मभर तारवावर सुतार,
पाईप कोरायला मात्र शिकला एका नॉर्वेकराकडून,
जहाज कुठल्याशा बंदरात सतरा दिवस अडकलं तेव्हा.
म्हणाला, आधी भोकं, मग रूप.
सगळे उलट करतात आणि रडतात.

मी उलट केलं.
पहिल्याला छान पोट दिलं, बाक दिला,
मग गिरमिट चालवलं, तर धुराची वाट
तळाशी पोचायची सोडून कुशीतून बाहेर.
विनीता त्यात उदबत्ती लावते.

दुसरा खिडकीत उन्हाला ठेवला
आणि रात्री कपाट करकरल्यासारखा आवाज झाला.
सकाळी पाहिलं, काठापासून बुडापर्यंत चीर,
केसाएवढी. मेस्त म्हणाला, केस पुरे असतो.

तिसरा जमला. पण इतका जड
की दातांत धरला तर मान खाली,
फिर्यादी द्यायला आल्यासारखी.

मुलगी फोनवर विचारते, पण बाबा, ओढणार कोण?
मी कधी विडीही ओढली नाही.
मेस्ताची तंबाखू डॉक्टरनं बंद केली
हृदयात जाळी बसवली त्या साली.
आम्ही दोघं न ओढणारे
दर बुधवारी भुसा पाडत बसतो,
पोदेराचा भोंपू वाजला की चहा.

कानस कशी धरू नये हे तो माझ्या मनगटावर
चापट मारून सांगतो. अडुसष्टाव्या वर्षी
मला कुणी चापट मारत नाही आता. बरं वाटतं.

चौथ्याचा मुखाग्र मी म्हशीच्या शिंगाचा करायचं ठरवलं.
शिंग घासलं की जळक्या केसांचा वास येतो,
लॅबमधल्या ॲक्रिलिकच्या वासापेक्षा
खरं तर जास्त प्रामाणिक.
आणि घासता घासता आठवलं,
मेस्ताचे दात माझेच आहेत.

माळ्यावरची खोकी उतरवली. मोडीत काढायची राहून गेलेली
प्लास्टरची तोंडं: वकील, मासेवाली, दोन पाद्री,
पिवळी पडलेली, प्रत्येकाच्या कपाळी पेन्सिलचा नंबर.
रुई आल्याचं वाटावं अशा धुळीत सापडला
अ. परेरा, राय. वरचा, खालचा.
डावीकडे सुळ्याच्या मागे ती एक उतरती जागा,
जुन्या पाईपनं झिजवलेली हिरडी,
तेव्हा मी तिला दोष समजून भरून काढली होती.
तक्रार नव्हती केली त्यानं. फक्त त्यानंतर
पाईप तोंडात धरताना हात लावायचा.

मी मुखाग्र प्लास्टरच्या दातांत धरून पाहिला,
घासला, पुन्हा धरला. तीन रात्री.
मेण चोळलं. फडक्यात गुंडाळून नेला.

त्यानं आधी भोकातून उजेडाकडे पाहिलं.
मग काथ्याचा धागा आत घातला, बाहेर काढला.
मग रिकामा पाईप डावीकडे ठेवला तोंडात
आणि दोन्ही हात मांडीवर.

बराच वेळ काही बोलला नाही.
श्वास जाता येता बारीक शीळ ऐकू येत होती लाकडातून.
अंगणात कोंबड्या भुशात चोची मारत होत्या.

मग पाईप न काढता, दातांतूनच म्हणाला,
वाट अजून जराशी तिरकी आहे हां.
पुढच्या बुधवारी चिंचेचं लाकूड आण.