पेटी सात

तीन आठवडे ओळ आली नाही म्हणून मी फोन केला
आणि विचारलं, संगणक कसा आहे.

आई, खाली उजवीकडे बघ, घड्याळाच्या शेजारी.
एक ढग दिसेल, माशीच्या डोक्याएवढा.
"त्याच्यावर लाल फुली मारलीय कोणीतरी," ती म्हणते.

माझ्या खिडकीबाहेर रॉटरडॅमच्या क्रेन कंटेनर उचलतायत.
ती श्कोफ्या लोकाच्या वर, चढावरच्या घरात,
जिथे संगणक अजून माझ्या शाळेच्या टेबलावर आहे,
त्याच्यावर विणलेला रुमाल,
आणि रुमालावर मधाची बरणी. का, ते विचारायचं नाही.

फुलीवर क्लिक कर. काय लिहिलंय ते वाच.
औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसं ती वाचते:
"तुमची. जागा. संपली आहे."
मग स्वतःशीच, "माझी? मी कुठे बसले होते?"

बोलता बोलता मला मेल सापडते:
कार्डाची मुदत संपली, महिन्याचे दोन युरो गेले नाहीत.
एवढंच. नवं कार्ड अजून पाकिटात चिकटवलेलं.
पण हे सांगायचं तर आधीचं सगळं सांगावं लागेल,
म्हणून मी तिला नुसती फिरवते.
बंद करून चालू कर. वायर बघ. तारीख बरोबर आहे का?
ती सगळं करते, पेटीचं झाकण उचलावं तसं,
धक्का न देता, बोट आधी हवेत थांबवून.

"इथे एक दातेरी चाक आहे."
ते राहू दे.
"चाक असतं ते फिरवायलाच,"
आणि तिने अकाउंट उघडलं.

मागे फ्रीजची घरघर.
"नेझा-माशी-चौदा. ही तू."

मीच. चौदाव्या वर्षीची.
नाव शेजारच्या गाश्परने सुचवलेलं, पासवर्ड आमच्या कुत्रीचा.
कुत्री गेली, मी घर सोडलं,
या एका खिडकीतून बाहेर पडायचं राहून गेलं.
नऊ वर्षं तिच्या नोंदी माझ्या नावाने वर जात होत्या.
पेटी तीन: राणी म्हातारी झाली. पेटी सात: चावऱ्या, पण मध सोन्यासारखा.
एकाच चौकटीचे चाळीस फोटो, अंगठा आड आला म्हणून.
आणि रोज संध्याकाळी, कांदा चिरताना,
माझ्या फोनवर ओळ: नवी फाइल आली.
म्हणजे ती उठली, बूट घातले, चढ चढली,
चष्मा सापडला.
म्हणून मी फारसा फोन करत नव्हते.

हे मी तिला सांगितलं.
सांगून झाल्यावर ऐकू आलं काय सांगितलं ते.

"म्हणजे तू वाचत होतीस."
वाचत होते.
"दोन फेब्रुवारीचं पण?"

दोन फेब्रुवारी. पेटी सात मेली, सगळ्या.
आज स्वयंपाक केला नाही.

वाचलं होतं.

बराच वेळ काही नाही. मग,
"खाली लिहिलंय, या संगणकाचा दुवा तोडा. तोडू?"
मी भराभर सांगू लागते: तोडलास तरी काही पुसलं जाणार नाही,
फायली तुझ्याकडेच राहतील, तुझ्या नावाचं नवं अकाउंट काढू,
थोडी जागा फुकट मिळते...
सगळं बरोबर. कुठलाही मदतनीस हेच सांगेल.
"मी फायलींचं विचारलं नाही," ती म्हणते.

मी फोन कानाशी दाबून कार्डाचे सोळा आकडे भरते,
एकदा चुकते, पुन्हा भरते.
"फुली गेली. दोन बाण फिरतायत."
फिरू देत.
तिने फोन ठेवला.

रात्री साडेदहाला अडकलेलं सगळं एकदम आलं.
पेटी एक. पेटी चार. लिंडन फुलला. अंगठा. अंगठा.
शेवटची आजची, फोननंतरची:
पेटी सात अजून रिकामी.
विचारलं असतंस तर सांगितलं असतं.